मामांची खांदशेकणी

माणसाला देवाच्या कामाला जुंपणारे लोक मी आयुष्यात पुष्कळ पाहिले. त्यांत गोऱ्या साहेबांपासून थेट आमच्या शाळेच्या शिपायापर्यंत सगळे आले. जरा चांगला गळा, जरा बरं अक्षर किंवा जरा भिडस्त स्वभाव दिसला, की ही मंडळी त्याच्या मानेवर जू ठेवायला टपलेलीच असतात. पण जुंपलेल्या माणसाला वेळेवर सोडणारा मी एकच पाहिला, आणि तो नात्याने माझा मामेसासरा, म्हणजे बायकोचा मामा होता. तिवश्याकडची काळी जमीन, डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, आवाज असा की शेजारच्या वावरातल्या माणसाला वाटावं आपल्यालाच शिव्या देताहेत. मी नगरकडचा, मिशनच्या शाळेवर मास्तर म्हणून अमरावतीला आलेला. पहिले काही महिने मामा माझ्याशी भांडत आहेत अशीच माझी समजूत होती. ते माझी विचारपूस करत होते हे मला लग्नानंतर बायकोने समजावून सांगितलं.

लग्नाचीच गोष्ट घ्या. आईबापांविना वाढलेली भाची, तेव्हा मुलगा पसंत करायचं काम मामांकडे. मी धुतलेला अंगरखा घालून, केस चापून बसवून त्यांच्या ओसरीवर गेलो. माझं शिक्षण, माझं कुळ, माझी भक्ती यांविषयी उत्तरं घोकून ठेवली होती. मामांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. ते उठून माझ्या मागे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे दाबून पाहिले. बैलबाजारात पाहतात तसे. दात पाहिले नाहीत एवढीच काय ती मर्यादा. मग आत तोंड करून मामींना म्हणाले, "खांदा बरा हाय. वझं उचलीन, पन सांगनार नाई." ही माझी स्तुती होती की निंदा, यावर मी आजवर विचार करतो आहे. मामांना माणसांचे चेहरे फारसे लक्षात राहत नसत. खांदे मात्र पक्के लक्षात राहत. बाजारात समोरून ओळखीचा माणूस आला तर ओळख द्यायचे नाहीत आणि तो पुढे गेल्यावर पाठमोरा पाहून हाक मारायचे. त्यामुळे गावातले निम्मे लोक त्यांना गर्विष्ठ समजत आणि निम्मे वेडे समजत.

आमची ख्रिस्ती मंडळी त्या काळी अगदी चिमूटभर. चुन्याच्या भिंतींची एक खोली, तिच्यापुढे पडवी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरहून घोड्यावर येणारे पाद्रीसाहेब. पण रविवारी दुपारी त्या पडवीत पोरांची सभा भरे, तिला मात्र जत्रेसारखी गर्दी. मंडळीतली मुलं-मुली तर येतच. शिवाय कापसाच्या बाजारात हमाली करणारे, सरकी वेचणारे, नुसतेच गाणी ऐकायला येणारे असे गावचे पोट्टेही येत. मिसरूड फुटलेल्या पोरांपासून परकरी मुलींपर्यंत सगळे. त्यांना शिकवणारे आम्ही तिघं. मी गोष्टी सांगायचा, रूथबाई नावाची एक विधवा मुलींना घ्यायची, आणि याकोब गाणी शिकवायचा. याकोब स्वतः याच सभेत वाढलेला. खोड्या करण्याबद्दल मामांनी त्याला इतक्या वेळा पडवीबाहेर काढलं होतं की शेवटी त्याला शिक्षक करून आत घेणंच सोपं पडलं. आणि आम्हा तिघांचे धनी मामा. ते स्वतः कधी काही शिकवत नसत. विचारलं तर म्हणत, की गाडीवानाने गाडी ओढायची नसते.

त्यांचं काम आमच्यावर लक्ष ठेवण्याचं, आणि मामा ते निर्दयपणे करत. एकदा मला चांगली कणकण होती, तरी मी हट्टाने सभेला उभा राहिलो. गोष्ट रंगात आली होती. भावांनी आपल्या धाकट्या भावाला कोरड्या विहिरीत ढकललं होतं, पोरं श्वास रोखून बसली होती, आणि एवढ्यात मामा पडवीतून उठले, माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि मला म्हणाले, घरी जाऊन निजा. मी म्हणालो, अहो, तो पोरगा विहिरीत आहे. मामा म्हणाले, "राहू द्या त्याले विहिरीत. येत्या रविवारी काढू." पोरांनी गिल्ला केला, पण मामांपुढे कोणाचं चालतंय. तो आठवडाभर मी रस्त्याने जाईन तिथे मला कोणीतरी अडवून त्या विहिरीतल्या मुलाची खुशाली विचारी. कापूस भरलेल्या बैलबंडीवरून एका गाडीवानानेही विचारली, ज्याचा आमच्या सभेशी काडीचा संबंध नव्हता. पुढच्या रविवारी पडवीत बसायला जागा उरली नाही. मामा मला म्हणाले, पाहा, तुम्ही निजलात तरी देवाचं काम चालू होतं. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला होता, कारण ते खरं होतं.

कोणी शिक्षक सभेला आला नाही, तर "का आला नाहीस" हा प्रश्न त्याला विचारायला मामांची सक्त बंदी. पाद्रीसाहेबांनासुद्धा. त्याऐवजी मामा सोमवारी त्या माणसाच्या घरी जात, बाजेवर बसत, भाकरी खात, पाऊसपाण्याच्या गप्पा मारत आणि उठून येत. सभेविषयी अवाक्षर काढत नसत. हे इतकं भयंकर होतं की मामा बाजेवर बसण्यापेक्षा ताप अंगावर काढून सभेला गेलेलं बरं असं आम्हाला वाटे, आणि तसं गेलं की मामा पुस्तक हिसकावून घरी पाठवत. सुटका कुठूनच नव्हती. स्तुतीच्या बाबतीतही त्यांचा न्याय उफराटा. तोंडावर कोणाला कधी चांगलं म्हटलं नाही. माझ्या हातून एखादी गोष्ट छान रंगली, की ते संध्याकाळी माझ्या दाराशी उभे राहून माझ्या बायकोला सांगून जात. म्हणत, माणसाची तारीफ माणसाजवळ केली तर डोक्यात जाते, बायकोजवळ केली तर ताटात येते. आणि खरोखरच त्या दिवशी भाकरीवर लोणी जास्त असे. याकोबाला बायको नव्हती, म्हणून त्याची तारीफ ते शेजारच्या म्हातारीजवळ करून येत.

त्यांची प्रार्थनाही अशीच. आमचे साहेब प्रार्थनेला उभे राहिले की सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करत. मामा सालदाराला कामं सांगावीत तशी देवाला कामं सांगत. रूथबाईचा खोकला पाहा. याकोबाचं घर गळतं, तिकडे लक्ष दे. मास्तर तापट आहे, त्याच्या बायकोला सांभाळ. आमेन. हे सगळं माझ्या आणि माझ्या बायकोच्या देखत, मोठ्या आवाजात. सभेआधी आम्हा शिक्षकांना त्यांच्या घरी पोटभर जेवण असे, पोरांना नंतर खाऊ. आधी लेकरांना का नाही, असं एकदा साहेबांच्या मडमेने विचारलं, तर मामा म्हणाले की उपाशी बैल पेरणी करत नाही, पेंढी तेवढी खाऊन टाकतो. या जेवणावळींचा भार अर्थातच मामींवर. त्या चुलीपुढून कधी कधी आपलं मत देत: "प्रभूनं हजारो लोकायले भाकर-मासोळी खाऊ घातली, थे लिहेल हाय. भांडे कोनं घासले, थे काई लिहेल नाई." यावर मामा उठून मुकाट्याने राख आणि नारळाची शेंडी घेऊन न्हाणीपाशी जाऊन बसत.

पण मामांचा खरा लौकिक होता तो खांदशेकणीचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात घरोघर बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा ठणकत असतो; त्यावर गरम पाणी टाकतात, तुपात हळद कालवून पळसाच्या पानाने चोळतात, आणि बैलाच्या कानाशी लागून त्याला आवतण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैलाला काम नाही, पुरणपोळी. मामा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की पोळा सोडा. त्यांनी तोरणाखाली बैल नेणं सोडलं, पूजा सोडली. खांदा शेकणं मात्र सोडेनात. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाप्तिस्मा म्या घेतला साहेब, बैलायनं नाई घेतला." इथवर ठीक होतं. पुढे पोरांची सभा त्यांच्याकडे आली, आणि त्यांच्या मनात आलं की जनावराला वर्षातून एकदा ही सोय, मग माणसाने काय घोडं मारलंय. तेव्हापासून पोळा झाला की येणाऱ्या शनिवारी आम्हा शिक्षकांची खांदशेकणी सुरू झाली. पोळ्याच्याच दिवशी करत नसत; अमावास्या पुजाऱ्याची, शनिवार आपला, असा त्यांनी निवाडा केला होता.

आत मामी रूथबाईंना घेऊन बसत. बाहेर ओसरीवर आम्हा पुरुषांना उघडं बसवून मामा गरम पाण्याने खांदे शेकत, तूप-हळद चोळत. शेतकऱ्याचा हात, अंगठा असा रुतायचा की वर्षभरात विसरलेल्या गोष्टी आठवत. आणि चोळता चोळता माणूस बोलू लागे. कोणाचं मन सभेत लागत नाही, कोणाचं प्रार्थनेत लागत नाही, कोणाला एका विशिष्ट पोराचं थोबाड फोडावंसं वाटतं, हे सगळं त्या ओसरीवर बाहेर पडे. मामा हूं म्हणत आणि चोळत. शेवटी कानाशी लागून आवतण. दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही जेवायला जायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. सभा पोरांनीच चालवायची, गाणी पोरांनीच म्हणायची, गोष्टही त्यांनीच सांगायची. ती ते इतकी वाईट सांगत की पुढे वर्षभर माझ्या गोष्टीला किंमत येई. हळदीने पिवळा झालेला अंगरखा घालून मी सोमवारी शाळेत गेलो की पोरं विचारत, मास्तर, तुमचं पुन्हा लग्न झालं का?

मग कापसाची ती वर्षं आली. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भाऊबंदकी जुंपली आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. अमरावतीच्या रस्त्यांवर बंड्यांची अशी दाटी की शाळेत जायचं तर चाकांखालून वाकून जावं लागे. कोणी म्हणे अमुक पाटलाने चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. मी पाहिल्या नाहीत, पण पाहिलेला माणूस प्रत्येकाला माहीत होता. ज्याला हात होते त्याला काम होतं, आणि कामाला रविवार नव्हता. आमच्या सभेतली मोठी पोरं एकेक करून गेली. जी उरली ती कापसाचे तंतू केसांत घेऊन येत आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला डुलक्या देत. दुसऱ्या गावांतल्या अशा सभा शिकवायला माणूस नाही म्हणून बंद पडल्याच्या बातम्या येत. मामांनी स्वतः निम्म्या वावरात कापूस लावला आणि निम्म्यात ज्वारीच ठेवली. लोक हसले तेव्हा म्हणाले, पोट्टे कापूस खातीन काय? आणि सभेआधीची भाकरी त्यांनी दुप्पट केली.

याकोब बाजारात एका व्यापाऱ्याकडे तोलारी होता. दिवसभर काट्यापाशी उभा, आठवड्याला सुटीचा एक दिवस कधी मिळायचा, कधी नाही. तरी रविवारी तो धावत यायचा, डफ घ्यायचा आणि गायचा. खरं सांगायचं तर सभा त्याच्यावर उभी होती. माझ्या गोष्टीला पोरं बसत, पण येत ती त्याच्या गाण्याला. त्या वर्षी मात्र तो आतून आटत चालला होता. एकदा गाता गाता मधेच थांबला आणि पुढची ओळ आठवेना म्हणून पोरांवरच ओरडला. पोरं दचकली. त्याहून जास्त तो स्वतः दचकला. मग पोळ्याच्या सुमारास बातमी आली की त्याचा व्यापारी अकोल्याला नवी पेढी काढतो आहे आणि याकोबाला तिकडे नेतो आहे. ही गोष्ट याकोबाने कोणालाच सांगितली नव्हती. मामांना सांगायची तर त्याची छातीच होत नव्हती. रूथबाई रडल्या. मी हिशेब मांडला: याकोब गेला की पोरं गेली, पोरं गेली की सभा गेली. पाद्रीसाहेब त्या आठवड्यात आलेले होते, त्यांनीही हेच ओळखलं आणि मामांना बजावलं की या मुलाला काहीही करून थांबवा. मामा हूं म्हणाले. खांदशेकणीचा शनिवार जवळ आला होता, आणि त्या ओसरीवर मामांच्या हाताखाली कोणाचं मन वळलं नाही असं कधी झालं नव्हतं. आमची सगळ्यांची भिस्त त्यावर होती.

त्या शनिवारी साहेबही ओसरीवर येऊन खुर्चीवर बसले. हा प्रकार त्यांना मुळीच पसंत नव्हता, पण सभा वाचत असेल तर थोड्या हळदीकडे डोळेझाक करायला ते तयार झाले असावेत. याकोब मान खाली घालून आला. मामांनी त्याला बसवलं, पाणी टाकलं आणि चोळायला सुरुवात केली. मग मामांनी विचारलं, "कवा जातं?"

"सोमवारी," याकोब म्हणाला.

मामांचा हात थांबला नाही. कोणाच्या बंडीने, म्हणून विचारलं. व्यापाऱ्याच्या, कापसाच्या रिकाम्या गोण्यांवर बसून. मामा म्हणाले, माझी दमणी ने, छपराची आहे, नाहीतर भिजशील. आणि मग ते जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. "तठी आपल्या लोकायचे चार घरं हायेत. त्यायच्या घरी जेव. पह्यले दोन-चार महिने कोनाले काई शिकवू नको. प्रार्थनेले मांगं बस, झोप आली तं झोप. खांदा बरा झाला म्हंजे तुले आपोआप समजीन." याकोब ओंजळीत तोंड घालून हुंदके देऊ लागला. साहेब ताडकन उठले. नांगराला हात घातल्यावर मागे वळून पाहू नये हा दाखला त्यांनी मामांना ऐकवला, आणि तुम्ही स्वतः शेतकरी असून हे विसरता याचं आपल्याला नवल वाटतं असंही म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "मांगं पाहू नये, हे बराबर हाय साहेब. पन नांगराचं तास सरलं का बैल थांबवतोच ना. हा पोरगा थकला. थकल्यावर बांधून ठेवला तं हा सभेत राहीन, देवात राहनार नाई." मग इथली सभा कोण चालवणार, असं साहेबांनी विचारलं. मामांनी याकोबाच्या कानाशी लागून आवतण दिलं, पण दर वर्षीसारखा आवाज लागला नाही. सोमवारी याकोब मामांच्या दमणीतून अकोल्याला गेला.

त्यानंतरचं वर्ष मामांनी ज्या रीतीने काढलं, ते पाहून आम्ही थक्क झालो. दुसऱ्यांना सोडणारा माणूस स्वतः जुंपला गेला, आणि काही केल्या सुटेना. पोरांना घराघरांतून गोळा करायला मामा, सतरंज्या घालायला मामा, आणि गाण्यालाही मामाच. त्यांचं गाणं हा एक स्वतंत्र विषय आहे. पहिल्याच रविवारी त्यांनी सूर लावला आणि मागच्या गोठ्यातून बैलाने ओ दिली. पोरं इतकी हसली की प्रार्थना गुंडाळावी लागली. पण मामा हटले नाहीत. पोरं हसायला का होईना येतात ना, म्हणाले. मला आणि रूथबाईंना ठरल्याप्रमाणे सक्तीची सुटी मिळत राहिली, उलट जास्तच मिळू लागली, कारण सगळं ते स्वतः ओढत होते. आम्ही म्हणायचो, मामा, आज तुम्ही बसा. ते म्हणायचे, "माहा खांदा लोखंडाचा हाय." मामी एकदा त्यांना भरपूर बोलल्या, तर उठून भांडी घासायला बसले. दिवसेंदिवस ते वाळत गेल्यासारखे दिसू लागले. तरी सभा चालू राहिली. लहान झाली, बेसूर झाली, पण एक रविवार चुकला नाही.

तिकडे अमेरिकेतली भांडणं मिटली आणि इकडे कापूस धाडकन कोसळला. ज्यांनी चांदीच्या धावा बसवल्या होत्या असं म्हणत, त्यांच्या बंड्याच विकल्या गेल्याचं लोक सांगू लागले. याकोबाच्या व्यापाऱ्याने अकोल्याची पेढी मोडल्याची बातमी आली, आणि मामांचा चेहरा उजळला. डफ उतरवून त्यांनी उन्हात ठेवला आणि त्याचं कातडं ताणून घेतलं. पोळा झाला. शनिवारी दुपारी, गुडघाभर चिखलातून, एक दमणी दारापुढे येऊन थांबली. आत याकोब. अंगाने भरलेला, चिखलाने माखलेला, हसरा. मामा पायरी उतरून अर्ध्या वाटेपर्यंत गेले. आणि मग दमणीतून आणखी दोघं उतरली: एक पोक्त बाई आणि एक काडीसारखा तरुण, दोघांचेही डोळे खोल गेलेले.

याकोबाने सांगितलं ते असं. दोन-चार महिने तो खरोखर मागे बसला आणि झोपला. मग एक दिवस कोणी न सांगता कडुलिंबाखाली चार पोरांना घेऊन गायला बसला. आता तिथे पडवी भरेल इतकी पोरं आहेत. पेढी मोडली तरी तो अकोल्यातच राहिला आहे, दुसरं काम धरलं आहे. ही दोघं त्याच्याबरोबर शिकवतात, आणि दोघंही थकून सोडायच्या बेतात आहेत. "मले चोळता येते, पन तुमच्यावानी नाई येत," तो म्हणाला. "म्हनून घेऊन आलो."

म्हणजे तो परत आला नव्हता. हे मामांना कळलं त्या क्षणी मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी डफाकडे एकदा पाहिलं, मग पाण्याखालचा जाळ सारखा केला आणि म्हणाले, बसा. बाईंना मामींनी आत नेलं. त्या तरुणाचा खांदा मामांनी शेकला, चोळला, त्याचं सगळं गाऱ्हाणं हूं हूं करून ऐकलं. मग माझा झाला. भांड्यात तूप उरलं होतं. याकोबाने ते मामांच्या हातातून घेतलं आणि म्हणाला, "आता तुमी बसा, मामा."

मामांनी खांद्याचं ते नेहमीचं लोखंड काढलं. याकोब ऐकेना. त्याने त्यांना खांद्याला धरून पायरीवर बसवलं, अंगातली बंडी उतरवली, पाणी टाकलं, आणि त्यांच्या कानाशी लागून अगदी हळू म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मामा हसले. म्हणाले, लेका, मी म्हातारा बैल, मला कशाला. याकोबाने पळसाचं पान त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवलं आणि अंगठा फिरवला. मामांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "हळू, लेका. दुखते."

मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतके वर्सं झाले संसाराले, मले एक डाव नाई सांगतलं." मामांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि शेकायचं पाणी तर पाठीवर होतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी कशालाही हात लावला नाही. पोरांनी सभा चालवली, अकोल्याच्या त्या काडीसारख्या तरुणाने डफ घेतला, आणि मामा मागे भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, सबंध सभाभर झोपले. घोरण्याने दोन गाणी बिघडली. कोणी उठवलं नाही. त्यानंतर ते आणखी काही वर्षं होते, आणि दर पोळ्यानंतरच्या शनिवारी कोणा ना कोणापुढे पाठ करून बसत, कुरकुरत, पण बसत. आता ते नाहीत, मामीही नाहीत. सभा इथेही आहे आणि अकोल्यालाही आहे. मी म्हातारा झालो, शिकवतो अजून, आणि खांदा भरून आला की शेजारी जो कोणी तरुण शिक्षक बसला असेल त्याला सरळ सांगतो, की बाबा, दुखतो आहे. मामांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं, पण हे त्यांनी सगळ्यांत शेवटी शिकवलं, कारण ते त्यांना स्वतःलाच फार जड गेलं होतं.